समाजकार्य, सिद्धांत आणि आपली नजर: विदर्भातल्या गावांत काम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत मी २२ वर्षं काम करते आहे. दर पावसाळ्यात एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची, मुलं-मुली क्षेत्रकार्यासाठी येतात आणि दिवाळीपर्यंत साधारण तेच प्रश्न विचारतात. नव्याने रुजू झालेले समुपदेशक, बचत गटांच्या ताई, कधी एखादी आशाताईसुद्धा हेच विचारते. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझ्या कामातून आलेली आहेत आणि जिथे माझा कल एका बाजूला आहे, तिथे तो मी लपवलेला नाही.

गावात काम करायला सिद्धांत कशाला हवेत? माणुसकी पुरत नाही का?

माणुसकी लागतेच, तिच्याशिवाय कोणी दारात उभं करत नाही. पण घरात जाऊन बसल्यावर पहिला प्रश्न काय विचारायचा हे तुम्ही ठरवता, आणि तो प्रश्न तुमच्या डोक्यातल्या कुठल्या तरी विचारातून येतो. त्या विचाराला तुम्ही नाव दिलेलं नसलं तरी त्याचं काम चालूच असतं.

आमच्या भागातलं एक घर सांगते. तीन एकर कोरडवाहू, कापसात तूर. कर्ता माणूस पोळ्याच्या आधी गेला. मागे बायको, दोन शाळकरी मुलं आणि म्हातारी सासू. त्या वर्षी आमच्याकडे तीन विद्यार्थी होते आणि वेळापत्रकाच्या गोंधळात तिघंही वेगवेगळ्या आठवड्यांत त्याच घरी जाऊन आले. पहिल्या मुलीने विचारलं, ‘ताई, झोप लागते का?’ दुसऱ्या मुलाने विचारलं, ‘वहिनी, सातबारा कोणाच्या नावावर आहे?’ तिसरीने विचारलं, ‘अडीनडीला कोण धावून येतं?’

पहिलीच्या वहीत दोन पानं भरून न लागणारी झोप, घशाखाली न उतरणारा घास, मोठ्या मुलाचं गप्प होणं. जमिनीचा शब्द नाही. दुसऱ्याच्या वहीत सोसायटीचं कर्ज, सावकाराकडे गहाण पडलेली पोत, तलाठ्याकडे अडकलेला फेरफार. बाई कितीतरी रात्री धड झोपलेली नाही हे त्याला कळलंच नव्हतं. तिसरीच्या वहीत भावजय, बचत गट, न बोलावता निंदणाला आलेल्या शेजारच्या दोघी. आम्ही नोंदी त्या-त्या घरी वाचून दाखवतो. तिन्ही ऐकून झाल्यावर सासू म्हणाली, ‘तुमी तिघं तीन येगळ्या घरी जाऊन आले का जी?’

तिन्ही नोंदी खऱ्या होत्या. पहिलीच्या मागे मनोसामाजिक विचार होता, दुसऱ्याच्या मागे हक्कांचा आणि समाजरचनेचा, तिसरीच्या मागे माणसाच्या सामर्थ्याचा. आपण कुठल्या नजरेने बघतो आहोत हे तिघांनाही माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येकाला आपल्या वहीतलं घर पूर्ण वाटलं. सिद्धांत शिकायचे ते आपण काय विचारलं नाही, हे कळण्यासाठी.

जीवनदृष्टी, सिद्धांत आणि पद्धत यांत फरक काय?

जीवनदृष्टी म्हणजे माणूस कसा असतो, दुःख कुठून येतं आणि ते कोणी दूर करायचं, याबद्दल लहानपणापासून मुरलेली समजूत. घरातून, जातीतून, कीर्तनातून, शाळेतून ती येते. कोणीतरी अशी समजूत उघड मांडतो, अनुभवावर तपासतो, तिच्यावर वाद होतात, तेव्हा तिचा सिद्धांत होतो. आणि व्यक्ती सहयोग कार्य (एकेका माणसाबरोबरचं काम), गटकार्य, समुदाय संघटन या झाल्या पद्धती. पद्धत तीच राहून सिद्धांत बदलला तर काम पार बदलतं: बचत गट हा पैसे साठवण्याचा गट होऊ शकतो, दुखणं बोलून दाखवण्याची जागा होऊ शकतो किंवा रेशन दुकानदाराला जाब विचारणारी फळीही होऊ शकतो.

अभ्यासक्रमातले सिद्धांत परदेशी आहेत. ते आपल्याकडे लागू पडतात का?

काही पडतात, काही जसेच्या तसे पडत नाहीत. ते कुठल्या मातीत उगवले हे पाहिलं की निवडणं सोपं जातं.

अमेरिकेत गरिबांच्या घरोघरी जाऊन चौकशी करणाऱ्या धर्मादाय संस्था होत्या. त्या परंपरेतून मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्ये समाजकार्यातल्या निदानाची शिस्तशीर मांडणी केली: माहिती गोळा करा, पुरावा तपासा, मग उपाय ठरवा. आजही आपण केस लिहितो ती बरीचशी त्याच वळणाने. त्याच देशात जेन अ‍ॅडम्स १८८९ मध्ये शिकागोच्या गरीब वस्तीत हल हाउस उघडून तिथेच राहायला गेल्या. त्यांचं म्हणणं, वस्तीत राहा, शेजारी व्हा आणि मग कामाचे तास, बालमजुरी, कचरा यांवर वस्तीबरोबर लढा. एक नजर माणसाकडे वळली, दुसरी परिस्थितीकडे, आणि तो ताण अजून मिटलेला नाही. आपल्याकडे मुंबईत १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅन्शर्ट यांच्या पुढाकाराने समाजकार्याचं पहिलं विद्यालय सुरू झालं, त्याचंच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झालं. अमेरिकेतला अभ्यासक्रम त्या वाटेने आपल्या महाविद्यालयांत उतरला.

अडचण येते ती ‘व्यक्ती’ या कल्पनेपाशी. त्या सिद्धांतांतला माणूस स्वतंत्र खोलीत बसून स्वतःचा निर्णय घेतो. आमच्याकडची बाई म्हणते, ‘भासऱ्याले इचारून सांगतो.’ भासरा म्हणजे मोठा दीर. तिला निर्णय घेता येत नाही असं वहीत लिहू नका. निर्णय कुठे आणि कोणाकोणाच्या तोंडून होतो, ते लिहा.

समाजकार्याची जी जागतिक व्याख्या २०१४ मध्ये स्वीकारली गेली, तिच्यात सामाजिक न्याय आणि मानवी हक्कांबरोबर स्थानिक लोकांच्या ज्ञानालाही समाजकार्याचा आधार मानलं आहे. हे वाक्य मी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी वाचायला लावते. त्याने पुढच्या प्रश्नाचं दार उघडतं.

मग विदर्भाच्या मातीतल्या विचारदृष्टी कोणत्या?

या प्रश्नावर मी सर्वांत जास्त बोलते, कारण आपल्याइतकं समृद्ध वारसाघर क्वचित कोणाला लाभलं असेल.

वर्ध्याजवळच्या सेगावात गांधीजी १९३६ मध्ये राहायला आले आणि पुढे त्या गावाचं सेवाग्राम झालं. तिथून ७०-७५ किलोमीटरवर नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. गाव म्हणजे काय, या एकाच प्रश्नाची दोन मोठी उत्तरं एसटीने दोन-अडीच तासांत गाठता येतील इतकी जवळ आहेत.

गांधींच्या विचारात गाव हे माणसाला माणूस म्हणून उभं करणारं घर आहे. सफाई, ग्रामोद्योग, श्रमदान, मनपरिवर्तन, श्रीमंताने स्वतःला विश्वस्त मानणं, हा त्या कामाचा रस्ता. पवनारच्या विनोबांचं १९५१ मध्ये सुरू झालेलं भूदान त्याच रस्त्याने गेलं. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेतलं गावही याच आशेने पाहिलेलं आहे. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ उभं केलेलं आनंदवन हातांना काम देऊन सन्मान परत मिळवण्याच्या विचारावर चाललं.

आंबेडकरांच्या विचारात गाव ही जातीची रचना आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी गावाच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली आणि राज्यघटनेचा घटक गाव नसून व्यक्ती आहे याचं स्वागत केलं. या दृष्टीने काम करणारा माणूस शिक्षण, संघटन, कायदा आणि वेळ पडल्यास संघर्ष हा रस्ता धरतो. गाव सोडून शहरात जाऊ पाहणाऱ्या मुलीला तो अडवत नाही, तिची बॅग भरायला मदत करतो.

याने रोजच्या कामात काय फरक पडतो? माझ्यावर आलेला एक प्रसंग सांगते. १२-१३ वर्षांपूर्वी एका गावात पाण्याच्या टाकीची जागा ठरवायची होती. मी बैठक मारुतीच्या पारावर बोलावली. माझं शिक्षण सर्वोदयी वातावरणातलं, एकमताने ठरावं हा आग्रह. तास-दीड तास चर्चा झाली, एकमत झालं, मी समाधानाने वही मिटली. निघताना बौद्धपुऱ्यातला एक तरुण म्हणाला, ‘ताई, एकमत झालं ते बरोबर आहे. पण आमच्या बाया सगळा वेळ पाराखाली उभ्या होत्या.’ मी वळून पाहिलं. पारावर बसलेले सगळे एका बाजूच्या घरांचे होते. मला ते दिसलं नव्हतं, कारण पार ही गावाची सगळ्यांची जागा, असं मी धरूनच चालले होते. तेव्हापासून बैठक शाळेच्या वर्गात, सतरंजीवर.

एकमताचा मार्ग चुकीचा नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने सर्वसहमतीने निर्णय घेऊन आणि अभ्यास गट चालवून २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. पण मेंढा हे गोंडांचं एकजिनसी गाव आहे आणि तिथे एकमताआधी खूप अभ्यास होतो. पाच जातींच्या गावात त्याच नावाखाली दुबळ्याचं मौन हाताला लागू शकतं.

गाडगेबाबांचा उल्लेख केल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा हा माणूस आधी गाव झाडायचा आणि मग कीर्तनात लोकांना प्रश्नांमागून प्रश्न विचारायचा. उत्तर लोकच द्यायचे आणि देता देता थबकायचे. ब्राझीलचे पाउलो फ्रेरे यांनी प्रश्न आणि संवाद यांतून प्रौढांना साक्षर करण्याचा विचार मांडला, त्याची कॉलेजात परीक्षा घेतात. गाडगेबाबा १९५६ मध्ये गेले, म्हणजे फ्रेरे यांचं नाव आपल्याकडे पोहोचण्याच्या कितीतरी आधी. दोघांना शेजारी बसवून शिकवलं तर वऱ्हाडातल्या पोराला फ्रेरे एका दुपारी कळतात.

शेतकरी आत्महत्या हा मनाचा आजार मानायचा की कर्जाचा प्रश्न?

हा प्रश्न ‘की’ घालून विचारला जातो, तिथेच गडबड होते.

१९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवन संपवलं. दर १९ मार्चला अनेक जण अन्नत्याग करून त्यांची आठवण ठेवतात. शेतकरी चळवळीने या मृत्यूंचं कारण कायम धोरणात शोधलं: भाव, आयात-निर्यात, कर्ज, सिंचन. ही समाजरचनेची नजर आहे आणि ती नसती तर हे मृत्यू ‘घरगुती कारण’ म्हणून पोलीस पाटलाच्या नोंदीत विरून गेले असते.

दुसरीकडे, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा उपक्रम झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिलं, लोकांशी नैराश्याबद्दल मोकळेपणी बोललं गेलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे भाव न बदलतासुद्धा माणसापर्यंत पोहोचता येतं.

माझा अनुभव असा की क्रम महत्त्वाचा. आधी आजची रात्र निघाली पाहिजे. जिवाचा विचार बोलून दाखवणाऱ्या माणसाला एकटं सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध विश्वासू शेजाऱ्याच्या कुलपात जाऊ द्या, त्याला सरळ विचारा, कारण विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. १४४१६ ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं आहे, त्यामुळे शिक्षेच्या भीतीने दवाखाना टाळू नका, हे घरच्यांना सांगा. आणि सकाळ झाली की त्याच्याबरोबर बँकेत जा. फक्त समुपदेशन करून परतलात, तर वसुलीचा फोन पुन्हा वाजणार आहे. फक्त कर्जमाफीचा अर्ज भरून परतलात, तर तो मंजूर होईपर्यंतच्या रात्री त्याने एकट्याने काढायच्या आहेत.

माणूस गेल्यानंतरचं कामही दृष्टीनुसार बदलतं. सरकारी मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरतं. शेतजमीन, थकीत कर्ज, वसुलीचा तगादा हे कागदावर दाखवावं लागतं. एका बाईने मला तिच्या नवऱ्याच्या प्रकरणाचा कागद दाखवला. ‘अपात्र’ या शब्दावर तिने बोट ठेवलं आणि विचारलं, ‘हे त्याईले म्हणते का मले?’ जमीन सासऱ्याच्या नावे होती, एवढंच कारण. तो कागद मी दहादा वाचला असेल, पण तो शब्द माणसावर पडतो हे त्या दिवसापर्यंत मला जाणवलं नव्हतं.

परिसंस्थेचा सिद्धांत प्रत्यक्षात कसा वापरतात?

यूरी ब्रॉनफेनब्रेनर यांनी १९७९ मध्ये माणसाभोवतीची वर्तुळं मांडली: आधी घर, मग शाळा-शेजार, मग यंत्रणा, मग धोरण आणि संस्कृती. समाजकार्याने हा विचार पटकन उचलला.

आमच्याकडे तो २०१७ च्या फवारणीच्या विषबाधेत लख्ख दिसला. त्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना अनेक शेतकरी आणि शेतमजूर अत्यवस्थ झाले, काही दगावले. पहिलं स्पष्टीकरण आलं की त्यांनी मास्क लावला नाही. म्हणजे दोष माणसाचा, उपाय जनजागृती.

आता एक-एक वर्तुळ बाहेर या. पराटी, म्हणजे कापसाची झाडं, त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती, नोझल वर धरावं लागत होतं आणि औषध तोंडा-छातीवर परत येत होतं. दमट उकाड्यात प्लास्टिकचा अंगरखा घालून तासभरही राहवत नाही. मजुराला दिवसाची मजुरी हवी, त्यामुळे सदरा ओला असला तरी पंप खाली ठेवायचा नाही. कोणतं औषध कशात मिसळायचं हे सांगणारा एकच माणूस जवळ, तो कृषी केंद्रवाला, आणि तो उधारीवर माल देतो म्हणून त्याच्याशी वाद घालता येत नाही. त्याच्याही बाहेर बोंडअळी आणि बियाण्याचा प्रश्न. प्रत्येक वर्तुळावर वेगळं काम निघतं: घरी अंघोळीचं पाणी आणि वेगळे कपडे, मजुरांच्या गटात दर आणि वेळ ठरवणं, कृषी सहायकाला गावात बसवणं, दवाखान्यात उतारा उपलब्ध आहे का ते पाहणं, तक्रार वर नेणं. एकट्या मास्कवर थांबलो असतो तर गेलेल्या माणसालाच गुन्हेगार करून मोकळे झालो असतो.

आम्ही ही वर्तुळं कागदावर काढत नाही. अंगणात खडूने किंवा राखेने गोल काढतो, माणसांसाठी सरक्या ठेवतो. कोण किती जवळ ते घरातल्या बाया स्वतः सरकवतात.

दारूच्या प्रश्नावर कुठली दृष्टी बरोबर?

गावात तीन बोलल्या जातात. दारू म्हणजे पाप, दारू म्हणजे आजार आणि दारू म्हणजे धंदा. पहिल्यातून माळ आणि शपथ निघते, दुसऱ्यातून उपचार, तिसऱ्यातून बंदीची चळवळ. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. दारूबंदीच्या मतदानात आडव्या बाटलीवर, म्हणजे बंदीच्या बाजूने, शिक्का मारायला रांगेत उभ्या राहिलेल्या बायांचं अंकगणित साधं होतं: घरातला मार आणि घरातला पैसा. मी त्यांच्या बाजूने आहे. पण बंदी झाल्यावर ज्याला दारू सुटताना कंप भरतो, त्याला दवाखान्यात कोण नेणार, हे काम चळवळीच्या यादीत बहुतेक वेळा नसतं. ते आपण घ्यावं.

लोक ‘नशीब’ म्हणतात, अंगात येतं म्हणतात. तेव्हा कार्यकर्त्याने काय करायचं?

आधी ऐकायचं. ‘त्याचं तेवढंच होतं’ असं म्हणणारी विधवा आळशी किंवा अज्ञानी नसते. त्या वाक्याने ती स्वतःला दोषातून सोडवत असते. ते वाक्य तर्काने तोडलंत, तर ‘मी त्या दिवशी माहेरी गेले नसते तर’ हा विचार तिच्या वाट्याला येतो. त्या वाक्याला हात लावण्याआधी तिला दुसरा आधार मिळालेला असू द्या.

अंगात येणाऱ्या एका सुनेकडे मी वर्षभर जात होते. आठवड्यातून एकदा सासू तिच्यापुढे हात जोडायची, बाकीचे सहा दिवस पाण्याच्या गुंडीवरून बोलणी. ती शिवणवर्गाला जाऊ लागली, घरात तिचा शब्द थोडा चालू लागला, आणि मंगळवारचं येणं हळूहळू विरळ झालं. आम्ही त्याबद्दल एक शब्दही काढला नव्हता.

मात्र भूत उतरवायच्या नावाने मारहाण, चटके, कोंडून ठेवणं दिसलं की तिथे संस्कृतीचा आदर वगैरे काही नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे. तक्रार करा.

स्त्रीवादी दृष्टीने केस लिहिली तर काय वेगळं दिसतं?

निंदण ती करते, वेचणी ती करते, बियाणं ती जपते आणि ‘शेतकरी’ म्हणून नाव त्याचं लागतं. नवरा गेल्यावर ती एका रात्रीत शेतीची मालकीण होत नाही, सासरच्या दयेवरची बाई होते. म्हणून आमच्या नोंदीत ‘विधवा’ ऐवजी ‘एकल महिला शेतकरी’ लिहितो आणि पहिल्या महिन्यात वारस नोंदीचा अर्ज करतो. शब्द बदलला की तलाठ्याच्या टेबलासमोरचं तिचं उभं राहणंही बदलतं, हे मी पाहिलं आहे.

पण सगळ्या बायकांचं दुःख एका मापाचं धरू नका. किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये हेच मांडलं की वंश आणि लिंग यांचे अन्याय एकमेकांत गुंतून तिसरंच रूप घेतात. आपल्याकडे त्यात जात आणि जमीन घाला. जमीनदार कुणबी घरातल्या एकल बाईला शेत असतं, पण एकटीने तालुक्याला जायची मोकळीक नसते. कोलाम आदिवासी बाई बाजाराला एकटी जाते, पण तिच्याकडे जातीचा दाखलाच नसतो. दोघींसाठी एकच योजना आखली तर एक तरी हातची जाते.

सामर्थ्याचा दृष्टिकोन म्हणजे लोकांचं कौतुक करणं का?

नाही. अमेरिकेत कॅन्ससमध्ये डेनिस सालीबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मांडला, तेव्हा रोख समस्यांच्या यादीवर होता. आमची एक विद्यार्थिनी कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन गेली आणि १४ समस्या लिहून आली. पोडाचा नाईक तिच्याशी फार बोललाच नाही. पुढच्या खेपेला फॉर्म न नेता तिने विचारलं, ‘आखाडात घरात दाणा नसतो तेव्हा काय खाता?’ बाया तिला जंगलात घेऊन गेल्या. संध्याकाळी तिच्या ओढणीत रानभाज्या आणि कंद होते आणि वहीत त्यांची नावं, कुठला कंद किती पाण्यातून काढला की कडूपणा जातो यासकट. पोषणाचं काम त्या यादीवरून सुरू झालं.

एक धोका सांगायला हवा. ‘हे लोक किती चिवट आहेत’ असं म्हणत रस्ता आणि दवाखाना न देण्याला सबब मिळते. सोसण्याची ताकद हे सामर्थ्य धरू नका.

सगळे सिद्धांत थोडे-थोडे वापरले तर चालेल का?

चालेल, पण का निवडला हे सांगता आलं पाहिजे. नाही तर ज्या दिवशी थकवा असतो त्या दिवशी आपण सर्वांत सोपा विचार निवडतो, आणि तो बहुतेक वेळा ‘हा माणूसच सुधारत नाही’ असा असतो.

माझी स्वतःची जात, घर, श्रद्धा यांचा कामात संबंध येतो का?

येतो, आणि गावाला तो तुमच्या आधी कळतो. आडनाव विचारलं जातं ते त्यासाठीच. पारधी बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, पहिल्यांदा गेले तेव्हा पितळी पेल्यात पाणी आलं आणि माझा हात क्षणभर थांबला. पाणी गढूळ होतं म्हणून थांबला असं मी स्वतःला सांगितलं. समोरच्या म्हातारीने पेला परत घेतला, रागावली नाही, फक्त म्हणाली, ‘राहू द्या, सवय नसन.’ १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ मध्ये ज्यांच्यावरचा तो शिक्का कागदावरून पुसला, त्यांना थांबलेला हात वाचता येतो. त्या रात्री मी वहीत पाण्याबद्दल लिहिलं नाही, माझ्या हाताबद्दल लिहिलं. विद्यार्थ्यांना तसंच लिहायला सांगते आणि त्या पानाला गुण देत नाही.

संस्थेची किंवा देणगीदाराची दृष्टी माझ्यापेक्षा वेगळी असेल तर?

अशी वेळ येतेच. अहवालातला ‘लाभार्थी’ हा शब्दच एक जीवनदृष्टी आहे: देणारा वर, घेणारा खाली. एका देणगीदार कंपनीने आम्हाला धनादेश हातात घेतलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बायकांचा फोटो मागितला. आम्ही नकार दिला, पुढच्या वर्षी निधी आला नाही आणि दोन कार्यकर्त्यांचे पगार थांबले. किंमत पडते, हे मी कोणापासून लपवत नाही. आता करार करतानाच फोटोची अट आम्ही लिहून घेतो: संमती मराठीत समजावून, आणि फोटो शेतात काम करताना.

गावात गुप्तता कशी पाळायची? इथे तर भिंतींनाही कान असतात.

फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ मध्ये समाजकार्यातल्या नात्याची सात तत्त्वं सांगितली, त्यात गुप्तता आणि स्वयंनिर्णय आहेत. बंद खोली मागू नका, बंद खोलीनेच गावात संशय वाढतो. शेताच्या धुऱ्याने (बांधाने) चालत बोला, वेचणीला बसून बोला. आणि सुरुवातीलाच एक मर्यादा सांगा: लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे. तिथे ‘कोणाले सांगू नका’ हे वचन देऊ नका. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर प्रत्येक अंगणवाडीत लिहिलेला असावा.

क्षेत्रकार्याची वही कशी लिहायची?

डाव्या पानावर लोक बोलले ते, त्यांच्याच बोलीत. ‘तिला नैराश्य आहे’ हे डाव्या पानावर येत नाही, ‘घास उतरत नाई’ हे येतं. उजव्या पानावर तुम्हाला काय वाटलं आणि कुठल्या विचाराने वाटलं. खाली दोन बोटं जागा सोडून ‘विचारलं नाही’ असा मथळा.

सुरुवातीला सांगितलेल्या घरच्या तिन्ही वह्यांत ती जागा मी नंतर भरून घेतली. तिघांनी वेगवेगळं लिहिलं, पण एक ओळ सारखी निघाली: मोठ्या मुलाशी कोणीच बोललं नाही. आठवीतला पोरगा. पहिलीने तो गप्प असतो हे टिपलं होतं, बोलली मात्र त्याच्या आईशी. पुढच्या खेपेला ती त्याच्याबरोबर गोठ्यात जाऊन बसली. बैलांना कडबा टाकत तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, बाबाच्या नावाचं कर्ज त्याच्या नावावर कधी होणार, दहावीच्या आधी की नंतर. रोज शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर तो व्याज मोजत होता. ती वही त्याने दप्तरातून काढून तिच्या हातात दिली.